घरची बॅटरी

उतार दिसला की रामकिसनचा हात इंजिन बंद करायच्या मुठीकडे गेलाच म्हणून समजा. मूठ ओढायची, इंजिन गप करायचं, गियर काढायचा आणि मॅटाडोर तशीच खाली सोडून द्यायची. तळाशी पोचता पोचता वेग असतानाच गियर टाकून धक्क्यानं इंजिन पुन्हा चालू. हे करताना त्याच्या तोंडावर असं समाधान पसरायचं, की वाटावं या माणसाला आत्ताच शेतात डिझेलची विहीर लागली.

मागं बसून कांदा चिरणाऱ्या मालनबाईला ते तोंड दिसत नसे. तिला फक्त इंजिनाची घरघर थांबलेली कळे. घरघर थांबली, चाकांची नुसती सळसळ ऐकू यायला लागली, की तिच्या कपाळाची शीर ताठ होई. दीर होता म्हणून त्याला भावजी म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. नाहीतर तिच्याकडं त्याच्यासाठी दुसरीही नावं होती.

वडीगोद्रीच्या भिवाची ही गायन पार्टी. हार्मोनियमवर स्वतः भिवा, गायला त्याची बायको मालन, मागं साथ करायला आणि टाळ्या धरायला धाकटी जाऊ बेबीनंदा, एक ढोलकीवाला, आणि गाडीवर बेबीनंदाचा नवरा रामकिसन. एप्रिलात जयंती लागली की बाहेर पडायचं आणि बुद्धपौर्णिमा झाल्यावरच घर गाठायचं. गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम. महिना-दीड महिना संसार सगळा गाडीत. ही मॅटाडोर पूर्वी कुठल्याशा दवाखान्याची होती. पेशंट झोपवायच्या बाकावर आता अंथरुणं होती, सलाइनच्या हुकाला कंदील लोंबत होता, आणि ड्रायव्हर व मागची बाजू यांच्यामध्ये दवाखान्याच्या काळातली पत्र्याची भिंत होती. तिला वीतभर काचेची खिडकी, तीही उघडत नसे.

आदल्या साली गाडीत एकच बॅटरी होती. घनसावंगीला ऐन कार्यक्रमात लाईट गेली, तेव्हा भिवानं ॲम्प्लिफायर त्याच बॅटरीवर लावला. कार्यक्रम दणक्यात झाला. निघताना गाडी चालू होईना, कारण बॅटरी मालनच्या गाण्यानं पिऊन टाकलेली. मग ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्याच लोकांनी गाडी ढकलत वेशीपर्यंत नेली आणि वर हसले. भिवाला ते फार लागलं. म्हणून या साली अंबडच्या मिस्त्रीकडून त्यानं ट्रकच्या दोन बॅटऱ्या बाकाखाली बसवून घेतल्या. पुढची ती गाडीची बॅटरी आणि या दोन घरच्या, असं सगळे म्हणू लागले. घरच्या बॅटरीवर पंखा, दिवा आणि मुख्य म्हणजे ॲम्प्लिफायर. गाडी पळत असताना इंजिनावरचा अल्टरनेटर तिन्ही बॅटऱ्या भरणार. मध्ये एक जाडजूड खटका. मिस्त्रीनं दहादा सांगितलं होतं, "गाडी चालू, खटका खाली. गाडी बंद, खटका वर. खाली ठिवून गाडी बंद केली तर पुन्हा ढकलत बसाल. आन् वर ठिवून गाडी चालवली तर घरच्या बॅटरीला थेंबबी भेटायचा न्हाई."

सोपं होतं. पण सोपं काम रामकिसनच्या हाती गेलं की त्याचं काय होईल ते सांगता येत नसे. तो आठ वर्षं एका मालकाचा ट्रक चालवत होता आणि तो मालक डिझेल वाचवणाऱ्याची चारचौघांत पाठ थोपटायचा. मालक गेला, ट्रक गेला, पाठीवरची थाप मात्र राहिली. जित्याची खोड म्हणतात ती हीच. उतार आला की इंजिन बंद, इंजिन बंद झालं की इमानदारीनं खटका वर. पुन्हा इंजिन चालू केलं की मात्र खटका खाली करायचं भान नाही, कारण तेवढ्यात पुढं बैलगाडी, म्हैस, नाहीतर ओळखीचा माणूस काहीतरी निघायचंच.

हे सगळं मालननं हसण्यावारी नेलं असतं. पण फेब्रुवारीत तिचा घसा बसला तो उठेचना, म्हणून ती जालन्याला कानाघशाच्या डॉक्टरकडं गेली होती. त्यानं आरसा घालून बघितलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्रावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. "माइक जवळ घ्या आणि बोलल्यासारखं गा," तो म्हणाला. "ओरडायचं नाही. एकदासुद्धा नाही. जोर लावलात आणि आत फुटलं, तर हा आवाज परत येईल असं मी तुम्हाला सांगू शकणार नाही."

तिचा आवाज म्हणजे तिच्या अंगावरचा एकमेव दागिना होता, आणि तो कुणी दिलेला नव्हता. पोरगी असताना खुरपणीला गेली की एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या बायांना ती गाण्यातच हाक मारायची. भिवानं तिला बघायच्या आधी ऐकली होती. काळी का गोरी ते त्यानं नंतर बघितलं. आवाज गेला तर मागं काय उरतं, याचा तिनं एस्टीत बसून घरापर्यंत विचार केला.

तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. बेबीनंदा रडली. रामकिसन म्हणाला, "वैनी, तुमी बिलकुल काळजी करू नका. माइक बंद पडायचाच न्हाई. घरची बॅटरी माझी जिम्मेदारी." भिवा म्हणाला, "डाक्टर लोकायला काय, भ्या दाखवायचं कामच असतं. पर जपू. जपायला काय हरकत हाय."

मालनला त्या दोघांपैकी कुणाच्या बोलण्याची जास्त धास्ती घ्यावी ते कळेना.

हसनाबादच्या कार्यक्रमाला निघाले त्या दिवशी तिनं सकाळीच बजावलं. आवाज वाया घालवायचा नाही म्हणून ती कुजबुजतच बोलायची, आणि कुजबुजून रागावता येत नाही, हा तिचा तेव्हाचा सगळ्यात मोठा वैताग होता. "भावजी, आज मोठा कार्यक्रम. तिकडं रोज दिवेलागणीला लाईट जाती म्हणत्यात. खटका खाली, आन् हसनाबाद येईस्तोवर इंजिन बंद करायचं न्हाई. उतार असो का खड्डा असो."

"बराबर, वैनी."

"मी पुढं बसते. माझ्या डोळ्यासमोर ठिवते खटका."

त्यावर भिवा कळवळला. "अगं, गावात शिरताना दीर गाडी चालवून राह्यला आन् भावजय शेजारी बसलीय, ते बरं दिसतं का? लोक हार घेऊन उभे राहत्यात. पार्टीचा मालक पुढं पाहिजे."

तेव्हा पार्टीचे मालक पुढं बसले. खटका त्यांच्या गुडघ्याशीच होता. जालना सोडून राजूरचा रस्ता लागला न लागला तोच मालकांची मान खिडकीवर कलली, तोंड उघडलं, आणि हसनाबाद येईपर्यंत ते मिटलं नाही.

मालननं मागं पळी हातात घेऊनच बैठक मारली होती. ओरडायचं नाही, मग पत्र्यावर ठोकायचं. एकदा ठोकलं की इंजिन चालू करा, असं ठरलं होतं. पहिला उतार आला. घरघर थांबली. तिनं पळी हाणली. गाडी वेग कमी करत करत कडेला जाऊन उभी राहिली. रामकिसननं शिस्तीत खटका वर केला, खाली उतरला, वळसा घालून मागचं दार उघडलं आणि अदबीनं विचारलं, "काय झालं, वैनी? पाणी पाह्यजे का?"

"इंजिन," ती कुजबुजली. "इंजिन बंद का केलं?"

"उतार होता ना."

"उतारावर बंद करायचं न्हाई म्हणलं होतं ना मी?"

"आरारा. ध्यानातच न्हाई राह्यलं बघा." त्यानं जीभ चावली, दार लावलं, पुढं जाऊन गाडी चालू केली. खटका वरच राहिला.

दुसऱ्या उतारावर तेच. तिसऱ्यावर तेच, फक्त या वेळी त्यानं पाण्याऐवजी "उलटीबिलटी होऊन राह्यली का?" असं विचारलं. पळीचा दांडा वाकला. ढोलकीवाला पोटातलं हसू दाबत बाहेर बघू लागला. बेबीनंदा तोंडाला पदर लावून म्हणाली, "ताई, तुमी ठोकूच नका. न्हाई ठोकलं तर निदान थांबत तरी न्हाईत." पालथ्या घड्यावर पाणी. मालननं पळी खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

हसनाबादला लोक हार घेऊन उभेच होते. जयंती मंडळाचा धर्मराज नावाचा उत्साही माणूस पुढं झाला. जयभीम झाले, चहा झाला. पटांगणात स्टेज बांधलेलं, निळे झेंडे, दोन बाभळींना दोन कर्णे, आणि दिवसाउजेडीही लागलेले बल्ब. पोरीबाळी आत्तापासूनच पुढची जागा धरून बसल्या होत्या. लाईट आहे म्हटल्यावर भिवा अघळपघळ झाला. मालन मात्र सरळ गाडीकडं गेली आणि पुढचं दार उघडून बघितलं. खटका वर. मागं जाऊन तिनं घरच्या बॅटरीवरचा दिवा लावला. तो विझत आलेल्या विडीसारखा लाल दिसला.

तिनं भिवाला बोलावून ते दाखवलं.

"लाईट हाय की," भिवा म्हणाला. "उगी नाट लावू नको."

आता लाईटीनं काय करावं? ती कुणाचं ऐकते? मालन स्टेजवर बसली, ढोलकीवर थाप पडली, भिवानं सूर धरला, तिनं माइक ओठांजवळ ओढला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात बल्ब गेले. पटांगणातून एक मोठा "आऽऽ" आला. कुणी गॅसबत्ती पेटवली. भिवानं ऐटीत हात वर करून सांगितलं, "घाबरू नका, आपली स्वतःची बॅटरी हाय!" रामकिसननं वायर जोडली. कर्ण्यातून आधी खरखर आली, मग पिल्लू दाराच्या फटीत सापडावं तसा एक आवाज, आणि मग काहीच नाही.

लोक थोडा वेळ थांबले. मग चुळबुळ सुरू झाली. भिवाच्या तोंडावर घनसावंगीची ती रात्र दिसायला लागली. तो उठला आणि बिनमाइकचाच मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, माइकचं काय घेऊन बसलात! आमच्या मालनबाईचा आवाज असा हाय, माइक नव्हते तवा तीन शिवारं ऐकत होती. आज तुमाला बिनमाइकचं ऐकवतील!"

पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मालननं त्याच्याकडं बघितलं. त्याला गाठ माहीत होती. ज्वारीचा दाणा माहीत होता. चार माणसांनी हसू नये म्हणून हा माणूस आपल्या बायकोचा गळा वाटून टाकायला निघाला होता, आणि वर त्याला त्यात अभिमान वाटत होता. तिला इतकं वाईट वाटलं, की राग यायलाही उशीर लागला.

ती उठली. "न्हाई," असं तिनं फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच म्हटलं. मग बेबीनंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू धर. टाळ्यांवर गा. तुझा गळा तरणा हाय. मी आले." आणि ती स्टेजवरून खाली उतरली.

रामकिसन गाडीपाशी उभा होता, पकडलेल्या चोरासारखा. "वैनी, हितंच चालू करून ठिवतो ना गाडी. उभ्यानं भरंल."

"उभ्यानं रात्र जाईल भरायला. गाडी पळाया पाह्यजे. चला राजूरच्या रस्त्याला." आणि सगळ्या हसनाबादच्या देखत भावजय दिराशेजारी पुढच्या सीटवर चढून बसली. तिनं खटका स्वतःच्या हातानं खाली केला आणि त्यावर हात ठेवूनच राहिली.

दिवेलागण होऊन गेली होती, पण दिवे कुठंच नव्हते. गाडी जोरात निघाली. उतार आले, रामकिसन दात आवळून इंजिन चालू ठेवत होता. शेवटी म्हणाला, "वैनी, मी मुद्दाम न्हाई करत. हात आपोआप जातो. आठ वर्सं तेच केलं. मालक म्हणायचा, सगळ्या ड्रायव्हरात रामकिसन एक नंबर. पुन्हा कोन म्हणलंच न्हाई तसं." मालनला त्याची कीव आली. आपल्या पार्टीत याची पाठ कुणी कधी थोपटली नव्हती, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"चांगली चालवता गाडी," ती कुजबुजली. "फक्त बंद करत जाऊ नका."

तो खुलला. राजूरपर्यंत जाऊन त्यांनी गाडी वळवली. मागचा दिवा लावून बघितला, तो आता पिवळाधमक होता. दोन तास माइक चालला नाही तरी सात-आठ गाणी नक्की निघतील. मालनला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. कोणतं गाणं आधी घ्यायचं, कुठं सूर खालीच ठेवायचा, कुठं नुसतं बोलायचं, हे ती मनात जुळवू लागली. खटक्यावरचा तिचा हात सैल होऊन मांडीवर आला. डोळे बाहेरच्या अंधारात लागले.

हसनाबादच्या अलीकडचा शेवटचा चढ संपला. पुढं सरळ लांब उतार, खाली अंधारात गाव. आणि खुशीत आलेल्या रामकिसनचा हात गेला. मूठ ओढली. घरघर थांबली. लगेच शिस्तीत खटका वर, खट्.

ती शांतता मालनच्या कानात शिरली, आणि तिच्या आत जे काही महिनोन्महिने कुजबुजून कुजबुजून साठलं होतं, गाठ, पळी, भिवाचं उघडं तोंड, तो टाळ्यांचा कडकडाट, ते सगळं एकदम वर आलं.

"भावजी, बंद करू नका!"

तीन शिवारं ऐकतील असा आवाज होता तो. रामकिसन सीटवरून उडाला. शेवटच्या अक्षरापाशी काहीतरी घशात गरम झालं आणि पुढचा शब्द निघालाच नाही. "इंजिन" म्हणायचं होतं. तोंड हललं, हवा बाहेर आली, बस्स. तिनं गळ्याला हात लावला. दुखत नव्हतं. त्यामुळंच आत काय फुटलं ते तिला जास्त कळलं.

गाडी बिनइंजिनाची खाली घरंगळत होती. आणि त्याच वेळी समोर हसनाबादला लाईट आली. आधी वेशीजवळचा खांब, मग घरं, मग पटांगणातले सगळेच्या सगळे बल्ब. रामकिसन आनंदानं ओरडला, "आली! वैनी, लाईट आली! आता बॅटरीचं कामच न्हाई!" आणि वळून बघितलं तर वैनी रडत होती, आणि रडण्याचाही आवाज येत नव्हता.

स्टेजवर ती चढली तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. भिवानं हसून सूर दिला. तिनं माइक जवळ घेतला. माइक उत्तम चालू होता. इतका, की दोन्ही कर्ण्यांमधून सगळ्या गावाला तिचा श्वास ऐकू गेला, आत जाणारा आणि बाहेर येणारा. दुसऱ्यांदाही तेवढंच. तिसऱ्यांदा भिवाची बोटं हार्मोनियमवर थांबली. त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि मग त्याला खाली बघावं लागलं. बेबीनंदानं घाईघाईनं माइक आपल्याकडं ओढला आणि गाणं उचललं. पोरीचा आवाज चिरका होता, पण सुरात होता. लोकांना काय, त्यांना वाटलं असंच बसवलेलं असेल. ते डोलू लागले.

मालन मागं सरकून बेबीनंदाच्या जागेवर बसली. एवढा तो आवाज, आणि त्यातनं शेवटचं काय निघावं? गाणं नाही, लेकराचं नाव नाही, बंद करू नका. तिला हसावं की काय करावं ते कळेना.

स्टेजमागं गाडी घरघरत होती. रामकिसननं आता इंजिन बंदच केलं नव्हतं. गावभर लाईट असताना, खटका खाली करून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो सरळ समोर बघत बसला होता, आणि धूर सगळा स्टेजवर येत होता. बेबीनंदाला गाता गाता खोकला आला. मालननं मागं वळून त्याला हातानं खूण केली, बंद करा आता, बंद करा. त्यानं ती बघितली, घाबरून मान डोलावली आणि इंजिनाचा वेग आणखी वाढवला.

तिनं हात खाली घेतला आणि बेबीनंदाच्या गाण्याला टाळी धरली.